बांधी संपली, गोष्ट राहिली

३ जुलै

आजपासून मी चरित्रकार. प्रविणला जेवताना सांगितलं, तर भाताचा ढीग फोडत म्हणाला, "कोणाचं चरित्र?" म्हटलं, कौशल्याबाईंचं. "त्या तलाववाल्या आजीचं? कोण वाचणार बाप्पा?" नवरा असा असला की बाईला डायरी लिहावीच लागते.

नागपूरचे एक प्रकाशक 'तलाव राखणाऱ्या बाया' म्हणून पुस्तकं काढताहेत. माझ्या दिवाळी अंकांतल्या कथा त्यांनी वाचल्या म्हणे. (दोनच आहेत, तरी वाचल्या!) मोहाडीहून स्कूटीने अर्ध्या तासावरचं गाव, तिथला मालगुजारीच्या काळचा तलाव, आणि त्या पाण्याची पाळी वीस वर्षं राखणारी ही बाई. आपली पाळी नसताना कोणी पाणी वळवलं की कौशल्याबाई काठी घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, हजर. सरपंचालाही सोडलं नाही म्हणतात.

सगळं छान आहे. पण सव्वाशे पानं नुसतं पाणीच पाणी होईल, याची धास्ती वाटते.

६ जुलै

पहिली भेट. सत्तरी कधीच ओलांडली आहे, पाठ अजून ताठ. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तर आधी तिनेच मला प्रश्न विचारला.

"हे पुस्तक शहापूरले जाईन का?"

म्हटलं, जाईल की आजी, सगळीकडे जाईल.

"मंग सांगते. शहापूरले माहा भाऊ आहे, परसराम. चाळीस वर्सं झाली, राखीले येत नाही, पोळ्याले नेत नाही. दोन डाव मीच गेली त्याच्या घरी. मी ओसरीत बसली, तर तो उठून वावरात चालला गेला. वाटणीचं म्हणशीन तर मी सही देऊन मोकळी झाली होती. काहून येत नाही, तेवढं शोध अन लिही. त्याच्या नातवाले वाचता येते. तो वाचून दाखवन त्याले."

तलावाचं विचारलं तर म्हणाली, "तलावाचं लिही तुले जे लिहाचं ते."

म्हणजे माझ्या नायिकेला तलावात काही रसच नाही. तिला भाऊ हवा आहे. घरी येताना वाटलं, भावाचं प्रकरण शेवटी एका पानात आटपून टाकू.

१० जुलै

अगं बाई! मिळालं!

तिच्या शेजारच्या आनंदाबाईंकडे चहाला थांबले होते. बडबडी बाई, मुलगी शहापूरलाच दिली आहे, रोज सायंकाळी माय-लेकी फोनवर. मी सहज विचारलं, कौशल्याबाईंचं लग्नानंतरचं सांगा ना काही. आनंदाबाईंनी दार लोटलं. दार लोटून सांगायची गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर नेहमीच काटा येतो.

"तुम्हाले ठाऊक नाही? थे तुमसरले पळाली होती ना! राइस मिलच्या मुनीमासोबत. सालभर राहिली त्याच्या घरी. मंग त्यानंच हाकलून देल्ली. सोमाजीनं बिचाऱ्यानं पुन्हा घरात घेतली."

सोमाजी म्हणजे कौशल्याबाईंचा नवरा, आता नाही. मी विचारलं, तुम्ही पाहिलं होतं? "पायलं म्हणजे? साऱ्या गावाले माईत आहे."

पाण्याची पाळी राखणारी कडक बाई, आणि तिच्या आयुष्यात एक मुनीम! रात्रभर झोप येईल असं वाटत नाही.

१५ जुलै

चार दिवस गाव पालथं घातलं. घरोघरी गेले, प्रत्येक बाईला विचारलं, "कौशल्याबाई तुमसरला गेल्या होत्या, त्याचं काही ठाऊक आहे का?" सगळ्यांना ठाऊक आहे. एकीने सांगितलं, मुनीमाचा एक दात सोन्याचा होता. दुसरीने त्याला सायकल दिली, तिसरीने सायकलच्या दांडीवर कौशल्याबाईंना बसवलं. दोन पोरींना तर गोष्ट मी विचारल्यावरच कळली, तरी जाईपर्यंत त्याही मुनीमाबद्दल मला सांगू लागल्या.

प्रविण म्हणतो, "तू चरित्र लिहून राहिली का चुगली?" मी म्हटलं, मौखिक इतिहास म्हणतात याला. "हो का," म्हणाला, "आमच्या मिलमध्ये चहाच्या टपरीवर रोज होते मौखिक इतिहास."

१८ जुलै

मोहाडीच्या बाजारात भाजीवालीने विचारलं, "मॅडम, त्या तुमसरवाल्या बाईचं पुस्तक तुम्हीच लिहून राहिल्या ना?" पुस्तक यायच्या आधीच बोलबाला! बरं वाटलं.

२० जुलै

आज सरळ आजीलाच विचारलं. म्हणजे सरळ नाही, वळणाने. "आजी, तुम्ही कधी तुमसरला राहिलात का?"

ती हसली. अशी हसली की तोंडावरच्या साऱ्या सुरकुत्या हलल्या. "राहिली ना. सालभर राहिली." मग एकदम उठली आणि बकरीला पाला टाकायला गेली. परत आल्यावर पाण्याच्या पाळीचंच बोलत राहिली.

हसणं आणि उठून जाणं. याच्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

२२ जुलै

'तुमसरचे दिवस' हे प्रकरण एका बैठकीत लिहून झालं. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलेलं नाही. सोन्याचा दात ठेवला, सायकल ठेवली, दांडी काढली (जरा जास्त होत होतं). नाव न घेता भावाचाही उल्लेख केला, की हे ऐकूनच भावाने संबंध तोडले असावेत. प्रकाशकांना पाठवलं. तासाभरात फोन, "तृप्तीताई, पुस्तक उभं राहिलं!"

प्रविणला वाचायला दिलं. वाचून त्याने फक्त विचारलं, "हे तिच्या भावाचा नातू त्याला वाचून दाखवणार आहे ना?"

मला राग आला. लेखक भावांसाठी लिहीत नसतो. तर म्हणाला, "बरं, मग हे तरी सांग, आनंदाबाईंना कोणी सांगितलं?" म्हटलं, विचारते उद्या. तो टीव्हीकडे वळला.

२४ जुलै

विचारलं. आनंदाबाईंनी रोवण्यात, म्हणजे धानाची लावणी चालू असताना, ऐकलं होतं. सोन्याच्या दातवालीनेही रोवण्यातच. सायकलवालीच्या सासूने, तेही रोवण्यात. आणि सांगणारी एकच, धुरपताबाई.

धुरपताबाईंचं नाव माझ्या यादीत नव्हतंच. गोष्ट सगळ्यांकडे होती, म्हणून गोष्टीला कोणी माय असेल असं मनातच आलं नाही.

२५ जुलै

आज बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, गेले. सलवार चिखलात गेली ती गेली, पण जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

पंचवीसेक बाया ओळीने वाकलेल्या, मागे मागे सरकत पऱ्हे, धानाची रोपं, रोवताहेत. धुऱ्यावर प्लास्टिकची खोळ पांघरून धुरपताबाई बसलेली. कंबर गेल्यापासून तिला रोवणं जमत नाही, तरी दर हंगामात तिला गाडीवर बसवून आणतात. रोवणा गुत्त्याचा, ठेक्याचा असतो, बांधी जितकी लवकर होईल तितकं बरं. आणि तिची गोष्ट चालू असली की कोणी पाठ सरळ करत नाही. एका राणीची गोष्ट चालली होती. राणी घरी पोचली, आता संपली म्हणून मी मोबाइल बंद करणार, तर धुरपताबाईने मान वर करून बांधीकडे पाहिलं. निम्मी उरली होती. लगेच राणीच्या मागच्या दाराने एक चोर आत शिरला. चोराचं लग्न लागेपर्यंत शेवटची जुडी रोवून झाली होती.

शिदोरी सोडल्यावर मी तिच्याजवळ बसले. तुमसर आणि मुनीम म्हटल्याबरोबर ती एकदम खूश झाली.

"थे गोष्ट! अजून सांगतेत का? एकाची मोठी लांबलचक बांधी होती बाई, सरता सरे ना. मी एका बाईची गोष्ट सांगत होती. नवरा-बायको तुमसरले पोट भराले गेले, बस, एवढीच गोष्ट. वर मान केली, तर अर्धी बांधी बाकी! मंग का करू? टाकला त्याच्यात मुनीम."

"आणि सोन्याचा दात?"

"थो माहा नाही," ती ठसक्यात म्हणाली. "थो कोणीतरी मागून बसवला."

म्हटलं, पण तुम्ही कौशल्याबाईंचं नाव घेतलं ना?

"नाव! बांधीत नाव घ्याची पद्धत नाही. 'एक बाई होती' म्हणून सांगतो आम्ही. त्या सालात तुमसरले कौशल्याच गेली होती, तर ह्या बायांनी तिचंच नाव लावलं असन. अन मी तिले परतही आणणार होती. भाऊ येते, मुनीमाची खोड मोडते, नवऱ्याले अन बहिणीले घेऊन गावाले येते. मोठं चांगलं होतं थे, रडवणारं. पण बाजूच्या बांधीतल्या पंधरा-वीस बाया मदतीले आल्या अन धडाधड रोवून टाकलं. बांधी संपली, गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा रोवणा. कोणी विचारलंच नाही मंग का झालं."

डबा न उघडताच परतले.

२६ जुलै

आजीकडे गेले. या वेळी वळण घेतलं नाही. "तुमसरला कोणासोबत राहिलात?"

"कोणासोबत म्हणजे? तुह्या आजोबासोबत!" ती म्हणाली. सोमाजीला मिलमध्ये हमालीचं काम लागलं होतं, मिलच्या मागे एक खोली होती, ही अंगणात धान वाळवायला जायची. शेत पाहायला तो एकटा गावी येई, म्हणून गावाला तो एकटाच दिसे. "सासू नाही, जाऊ नाही. सायंकाळी दोघं बाजारात फिराले जात होतो. त्यानं मले पिवळी साडी घेऊन देल्ली. माह्या जिंदगीतलं थे एक साल, पोरी. कोणाले सांगू लागली की हसूच येते मले, म्हातारपणी लाज वाटते. म्हणून मंग मी उठून जाते."

मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारून आले. त्या सालाला मी 'पापाचं साल' लिहिलं आहे. प्रकाशकांना ते वाक्य फार आवडलं होतं.

तिला कारण सांगायला हवं होतं. भाऊ का येत नाही ते मला आता ठाऊक आहे, आणि तिने तेवढंच मागितलं होतं. पण तोंड उघडलं नाही. तिच्याकडचं एकमेव चांगलं साल मी कसं नासवू?

२७ जुलै

प्रकाशकांना फोन करून प्रकरण परत मागितलं. ते म्हणाले, "अहो, पण सगळं गाव सांगतं ना?" म्हटलं, गाव सांगतं, पण झालं नाही. "मग असं करा, 'लोक म्हणतात' घाला वाक्यात." ते प्रकरण छापायचं नाही असं बजावून मी फोन ठेवला.

प्रविणला म्हटलं, परसरामने एकदा विचारायचं तरी होतं बहिणीला. तो म्हणाला, "असं कोणी विचारते का बहिणीले? तूच सांग, कसं विचारणार?" शहापूरला जाऊन सांगू का म्हटलं. "सांग की. चाळीस वर्षांनी एक परकी बाई दारात येते अन म्हणते, तुमची बहीण पळाली नव्हती. म्हातारा काय समजेल?"

कधी कधी हा माणूस बरोबर असतो आणि तेव्हा जास्तच राग येतो.

२९ जुलै

शेवटी धुरपताबाईकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. परसरामचं, राखीचं, ओसरीत बसलेल्या बहिणीला टाकून वावरात निघून जाण्याचं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

ऐकून भडकलीच. "माही अर्धी गोष्ट घेऊन पळाल्या ह्या रांडा! भाऊ येते, हेच तर सांगाचं होतं मले. पुरी ऐकली असती तर असं झालं असतं का?" मग माझ्याकडे बोट. "अन तुम्ही, मॅडम! मी एक डाव सांगलं, तुम्ही तर घरोघरी जाऊन सांगलं."

मी म्हटलं, मी सांगत नव्हते, विचारत होते. ती हसली, का ते कळलं नाही. विचारणं आणि सांगणं यात फरक नाही का?

निघताना तिने एवढंच विचारलं, गावात सगळ्यात मोठी बांधी कोणाची राहिली आहे.

३१ जुलै

घरची कामं टाकून बांधीवर. आनंदाबाईही रोवायला होती. धुरपताबाईने खोळ सारखी केली आणि म्हणाली, "बायांनो, एक गोष्ट माह्याकडं उधार राहिली होती. एक बाई होती. तुमसरले गेली होती."

पंचवीस जणींचे हात थबकले आणि पुन्हा चालू लागले.

अशी गोष्ट मी कधी ऐकली नाही. मिलमागची खोली आली, पिवळी साडी आली (ती तिला मीच सांगितली होती). नवरा-बायको बाजारात फिरले. मुनीम आला, पण तो नुसता खोलीचं भाडं मागायला आला आणि दारातूनच परत गेला. मग बांधी थोडी उरली तेव्हा भाऊ आला. कोणीतरी त्याच्या कानात विष ओतलं होतं, म्हणून इतकी वर्षं आला नव्हता. खरं कळलं तसा पळत सुटला. बहीण रोवण्यात वाकलेली. तो धुऱ्यावर थांबला नाही, चपलांसकट, धोतरासकट चिखलात उतरला आणि तिचा हात धरून म्हणाला, चाल माहेरी.

"धोतर नास झालं असन त्याचं," एक पोरगी म्हणाली.

"होऊ दे ना!" धुरपताबाई म्हणाली. शेवटची जुडी रोवली गेली. बाया पदराने नाकं पुसत होत्या. आनंदाबाई तर हुंदके देत होती, आणि धुऱ्यावर येताच तिने सगळ्यात आधी मोबाइल काढून लेकीला लावला.

९ ऑगस्ट

राखी. आजी एकटी असणार म्हणून गेले होते. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी राखीचं काही बोलले नाही, तीही नाही.

दारात ऑटो थांबला. एक हडकुळा म्हातारा उतरला, पांढरं धोतर, हातात पिशवी. दारातच उभा राहिला. आत येईना आणि जाईनाही. आजीने वर पाहिलं. सूप हातातच राहिलं.

"पाय धू," ती म्हणाली. "अंगणात चिखल आहे."

त्याने पाय धुतले. बसला. मी पळत दुकानात गेले; राख्या संपल्या होत्या, लहान पोरांची दिवा लागणारी एकच उरली होती. तीच आणली. परसरामच्या काटकुळ्या मनगटावर ती लाल-निळी लुकलुकत होती आणि दोघंही तिच्याकडेच पाहत बसले होते.

"काहून नाही आला रे इतके दिवस?" तिने विचारलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सूप ओढून तांदूळ निवडू लागले. "डोकं फिरलं होतं माहं," तो म्हणाला.

"अन आता कसा आला?"

"शहापुरात जो तो विचारून राहिला. बहिणीले आणाले गेलते म्हणे? बांधीत उतरले म्हणे? का सांगू मी लोकाले, नाही गेलो म्हणून?" आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. "लोकाच्या तोंडात मी येऊन गेलो, कौशल्या, अन मी घरीच बसलो होतो."

"रडू नको," ती म्हणाली. "चहा निवन."

तासाभराने ती त्याच ऑटोत बसून माहेरी गेली. बकरी माझ्यावर सोपवून गेली! शेवटी आनंदाबाईच्या अंगणात बांधून आले.

१३ ऑगस्ट

बकरीची चौकशी करायला गेले, तर आनंदाबाईने मलाच सांगितलं परसराम कसा आला ते. रोवण्यात आला, चपलांसकट बांधीत उतरला, पंचवीस बायांसमोर. मी म्हटलं, अहो, राखीला आला, ऑटोने आला, मी तिथेच होते. ऑटो तुमच्याच दारावरून गेला!

ती मायेने म्हणाली, "मॅडम, तुम्ही मोहाडीच्या. आम्ही बांधीत होतो ना."

रागारागाने घरी येऊन शेवटचं प्रकरण लिहायला बसले. निदान हे तरी मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 'राखीच्या दिवशी दारात ऑटो थांबला आणि परसराम उतरले.' मग वाटलं, आजीला विचारून घ्यावं. तिला शहापूरला फोन लावला. मागे पोरांचा गोंगाट, कोणीतरी तिला आत्याबाई म्हणून हाक मारत होतं. गाव काय सांगतं ते तिला सांगितलं.

"इथंही तसंच सांगून राहिले," ती म्हणाली.

"मी जे पाहिलं तेच लिहिते ना आजी? ऑटोचं?"

तिने आधी पोरांना गप्प केलं.

"चाळीस वर्सं लावली त्यानं, पोरी," ती हळूच म्हणाली. बहुतेक तो जवळपासच असावा. "पुस्तकात तरी त्याले बांधीत उतरव. चपला घालून. भिजू दे त्याचं धोतर."

मी ऑटो खोडला.